दोन वाजताची सावली आणि गावचं कुत्रं

अध्यक्ष महोदय, आणि एवढ्या उकाड्यात घरचा पंखा सोडून इथं येऊन बसलेल्या सोलापूरकर मंडळी,

पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव 'ग्रामीण भागातील श्वान : उन्हाळी नियोजन' असं छापलंय. 'श्वान' हा शब्द आपल्याकडे दोनच ठिकाणी राहिलाय, पोलिसांच्या पथकात आणि निमंत्रणपत्रिकेत. मी कुत्र्याबद्दल बोलणार आहे. (हशा) नियोजन शेवटी येईल आणि ते अगदी थोडक्यात आहे: गावातली कुत्री दुपारी मोजायची आणि पहाटे त्यांना रेबीजची लस टोचायची. पण हे पटायचं तर आधी गावची दुपार कळली पाहिजे. आत येताना तुम्ही सगळ्यांनी दारातल्या एका कुत्र्याला ओलांडलंत. ते तिथंच का झोपलंय, पायरीवर का नाही, कोपऱ्यात का नाही? समोरच्या खिडकीतून शिरलेला वारा ज्या रेषेनं दाराबाहेर जातो, त्या रेषेवर ते आडवं पडलंय. या सभागृहात सगळ्यात चांगली जागा त्यानं घेतली आहे. अध्यक्षांच्या खुर्चीपेक्षाही चांगली.

तर वैशाखातली दुपार. दक्षिण सोलापूर घ्या, मोहोळ घ्या, मंगळवेढा घ्या. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. एसटीच्या थांब्यावर कुणी नाही, पिठाची गिरणी बंद, पारावरची म्हातारी माणसं जेवून माळवदाखाली आडवी झालेली. गावात हलतंय काय, तर पिंपळाचं पान आणि झोपलेल्या कुत्र्याचं पोट. आपण म्हणतो गाव शांत आहे. शांत आहेच, पण कुत्र्यासाठी ही कामाची वेळ आहे. अंगातली उष्णता बाहेर टाकत राहणं एवढं एकच काम, आणि ते चुकलं तर जीव जातो.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी जवळपास फक्त पंजाच्या तळव्यात, त्यांचा उपयोग नावापुरता. सगळा भार जिभेवर, नाकाच्या आतल्या ओलसर पापुद्र्यांवर आणि श्वासावर. निवांत पडलेलं कुत्रं मिनिटाला पंधरा ते तीस श्वास घेतं, धापा टाकायला लागलं की हा आकडा तीनशेच्या घरात जातो. ओल्या जिभेवरून वारा जातो, पाणी उडतं, रक्त थंड होतं. आपला रांजण याच रीतीनं गार होतो. फरक एवढाच की रांजण रिकामा झाला की आपण भरतो. इथं जीभ कोरडी पडली, लाळ दोरीसारखी चिकट झाली, की यंत्र बंद.

म्हणून नाक जितकं लांब तितकं कुत्रं उन्हाळ्याला टिकाऊ. अक्कलकोटच्या रस्त्यावर कुठल्याही दुकानात दत्ताची तसबीर बघा. पायाशी चार कुत्री, निमुळती तोंडं, खपाटीला गेलेली पोटं. चित्रकाराला आपला मुलूख ठाऊक होता, त्यानं पग काढला नाही. (हशा) हसू नका, आता गावोगावच्या बंगल्यांत पग आलेत. त्या बिचाऱ्याचं नाक चेपलेलं, धाप टाकायला जागाच नाही. दुपारी कूलर नसेल तर आपल्या भागात ते कुत्रं पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकारीचं कारवानी कुत्रं बघा, विजापूरच्या पलीकडचं मुधोळचं बघा. टपाल खात्यानं २००५ साली त्या मुधोळ हाउंडचं तिकीटही काढलं. लांब नाक, आखूड केस, अंगावर चरबी नाही. आणि आपलं साधं गावठी कुत्रं, ज्याचं तिकीट कुणी काढलं नाही, तेही असंच घडलेलं आहे.

आता जागा. दोन वाजता गावात फेरी मारा, कुत्री कुठं सापडतात ते सांगतो. मोरीच्या सांडपाण्याशी. हापशाच्या ओट्याखाली. पंचायतीच्या टाकीचा गळका व्हॉल्व्ह असतो, तिथं हमखास. अर्धवट बांधकामासमोरच्या वाळूच्या ढिगात. ट्रॉलीखाली. देवळाच्या ओवरीत दगडी फरशीवर. यात काहीच आपसूक झालेलं नाही. वाळूचा ढीग वरून तव्यासारखा तापतो, पण वीतभर उकरला की आत ओल आणि गारवा असतो. कुत्र्याच्या पोटावर केस विरळ, म्हणून पोट खाली टेकवून चारी पाय पसरून ते पडतं. अंगातली उष्णता थेट मातीत उतरते. तासाभरानं ती जागा तापली की उठतं, दोन हात पलीकडं नवा खड्डा करतं. अंगणात, तुळशीच्या बुडाशी उकरलं की घरातल्या बाईचा संताप होतो, आणि तो रास्तही आहे. उपाय सोपा आहे. खड्डा बुजवू नका, बुजवलात तर ते शेजारी दुसरा पाडतं. तुम्हाला चालेल अशा एका कोपऱ्यात अकराच्या सुमारास बादलीभर वापरलेलं पाणी ओता. भांडी विसळलेलं चालेल, साबणाचं नको. दोन दिवसांत कुत्रं जागा बदलतं.

पत्र्याच्या शेडबद्दल मात्र भ्रम आहे. पत्र्याखाली सावली असते हे खरं, पण दोनला तो पत्रा स्वतःच शेगडी झालेला असतो. त्याखाली पडलेल्या कुत्र्याला वरून आच आणि खालून कोब्याची धग. माळवदाच्या घराची पांढऱ्या मातीची दोन हात जाड भिंत दुपारभर ऊन अडवते, पत्रा दहा मिनिटंही अडवत नाही. पत्रा असेलच तर त्यावर पाचट किंवा तुराट्या पसरा आणि दगडानं दाबा. वाऱ्यानं उडून शेजाऱ्याच्या अंगणात गेल्या तर भांडण होईल, आणि त्यात कुत्र्याचा काही दोष नसेल.

बांधलेलं कुत्रं हा याहून वाईट प्रकार. सकाळी सातला शेतावर जाताना माणूस घराच्या पश्चिमेच्या भिंतीला, छान सावलीत, कुत्रं साखळीनं बांधून जातो. एक वाजल्यापासून तीच भिंत उन्हात. साखळी चार हातांची, सावली आठ हातांवर. संध्याकाळी माणूस परत येतो आणि म्हणतो, सकाळी तर चांगलं होतं. उन्हात कुत्री मरतात त्यात मोकळी कमी आणि बांधलेली जास्त. मोकळं कुत्रं सावलीबरोबर सरकतं.

इथं थोडं आकाशाकडं जाऊ. सोलापूर साधारण साडेसतरा-पावणेअठरा अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी, घड्याळात साडेबारा वाजायच्या जरा आधी, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शाळेतली मुलं हा प्रयोग करतात, छान आहे. त्याचा दुसरा अर्थ कुणी सांगत नाही. त्या दिवसापासून ऑगस्ट उजाडेपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. 'उत्तरेची भिंत सावलीची' हा आपला पिढ्यानपिढ्यांचा हिशेब मार्चमध्ये बरोबर असतो, मेच्या मध्यापासून चुकतो. मार्चमध्ये उत्तरेच्या भिंतीला ठेवलेलं पाण्याचं भांडं मेमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरप्या उन्हात आणि दुपारी डोक्यावरच्या उन्हात असतं. भांडं आपण हलवत नाही. कुत्रं मात्र मेच्या मध्याला ती भिंत सोडून झाडाखाली गेलेलं असतं. त्या दिवसांत भर दुपारी भिंत कामाची नाही, छत आणि झाडच कामाचं. चिंच, वड, कडुलिंब. कडुलिंबाला चैत्रात नवी पालवी आलेली असते, मेपर्यंत सावली दाट होते.

भांड्याचा विषय निघालाच आहे तर माझी जुनी तक्रार मांडून घेतो. आयोजक घड्याळाकडं बघतायत, पण ही तक्रार मांडल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

दर मार्चमध्ये 'मुक्या जीवांसाठी पाणी' असे फोटो येतात. चार माणसं, एक भांडं. चारही हात त्या एका भांड्याला लागलेले. फोटो मार्चमध्ये येतात आणि भांडी एप्रिलमध्ये कोरडी पडतात. तरी हेतूला माझा आक्षेप नाही, भांड्याला आहे. पहिलं भांडं प्लॅस्टिकचा टब. हलका असतो, शेळीनं पाय दिला की पालथा. कुत्रं टब चावतं म्हणतात. चावतं थोडंफार, पण टब नाहीसा होतो तो कुत्र्यामुळं नाही, माणूस नेतो म्हणून. (हशा) दुसरं भांडं स्टीलचं किंवा लोखंडी घमेलं. उन्हात ठेवलं की तासाभरात पाणी कोमट, दोन तासांत अंघोळीचं. तिसरं म्हणजे अर्धा कापलेला तेलाचा डबा. त्याची कड जिभेला लागते, आणि उन्हाळ्यात सगळा भार जिभेवर असतो, हे आत्ताच सांगितलं. चौथं, सिमेंटची कुंडी. ही सगळ्यात बरी, पण नवी आणून त्याच दिवशी भरली तर चूक. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, पाणी खारवट-तुरट होतं, कुत्रं एकदा वास घेतं आणि पुन्हा तोंड लावत नाही. मग लोक म्हणतात, ठेवून काय उपयोग, पीतच नाहीत. आठ दिवस रोज भरायची, रोज ओतून द्यायची, काथ्यानं घासायची, नवव्या दिवसापासून वापरायची.

आणि सगळ्यांत उत्तम भांडं फुकट मिळतं, फुटक्या रांजणाचं बूड. माती पाझरते, पाणी गार राहतं, जड असतं, चोरायला कुणाला नको असतं. कड विटेच्या तुकड्यानं घासून बोथट करा. अर्ध्याअधिक जमिनीत पुरा, म्हणजे कलंडत नाही आणि भोवतीची मातीही गारवा धरते. खोली चार बोटं ते वीतभर, त्याहून जास्त नको. मध्ये एक दगड पाण्याबाहेर डोकावेल असा ठेवा. खार, चिमणी, मधमाशी पडली तर त्यावर चढून बाहेर येते. नाहीतर संध्याकाळी मेलेल्या माशांचा थर काढत बसा.

किती पाणी? गावठी कुत्रं पंधरा ते वीस किलोचं. एरवी किलोमागे पन्नास-साठ मिली, म्हणजे दिवसाला लिटरभर पुरतं. मेमध्ये दीड ते दोन लिटर धरा. एका चौकात पाच कुत्री असतील तर दहा लिटर. हे दहा लिटर एकदम भरू नका. पहाटे पाच, संध्याकाळी पाच. पहाटे भरायच्या आधी उरलेलं झाडाला ओता आणि भांडं राखेनं घासा. रोज, कारण भांड्यात साचलेल्या पाण्यात डासाची अंडी ते उडता डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत होतो, आणि मग गावात डेंगी आली की दोष कुत्र्याच्या भांड्यावर येतो आणि ते भांडं कायमचं उचललं जातं. हे एकदा झालं की त्या गावात पुढची दहा वर्षं कुणी भांडं ठेवत नाही. पाण्यात मीठ, साखर, ग्लुकोज काही घालू नका. साधं पाणी.

तक्रारीचा शेवटचा मुद्दा जागेचा. भांडी ठेवतात चौकात, फोटो चांगला येतो तिथं. दोन वाजता चौकातल्या भांड्यापर्यंत जायचं तर कुत्र्याला तापलेल्या डांबरावरून जावं लागतं. तुमचा पालथा तळहात डांबरावर सात सेकंद ठेवा. ठेवता आला नाही, तर त्याच्या तळव्यालाही ठेवता येत नाही. ते उठत नाही, तहानेलं पडून राहतं. भांडं कुत्र्याच्या झोपायच्या जागेपासून दहा पावलांत पाहिजे. म्हणजे आधी जागा बघायची, मग भांडं ठेवायचं. आपण नेमकं उलट करतो. माझी तक्रार एवढीच होती. जरा लांबली.

खाण्याचं पटकन सांगतो. उन्हाळ्यात कुत्र्याला सकाळी सातच्या आत आणि दिवेलागणीनंतर घाला. दुपारी घातलं तर पचनाची उष्णता आणखी अंगात वाढते. ज्वारीची शिळी भाकरी पातळ, बिनमिठाच्या ताकात भिजवून, हे आपल्या भागातलं उत्तम अन्न. कडक भाकरी तशीच टाकू नका, तिच्यासाठी तोंडात लाळ लागते आणि लाळेचा हिशेब आधीच तंग आहे. शेंगाचटणी लागलेली भाकरी नको. चटणीत लसूण असतो, लसूण आणि कांदा दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. आपल्या बाजार समितीत कांद्याचे डोंगर असतात, कुत्री तिथं हिंडतात पण कच्चा कांदा सहसा खात नाहीत. आपण रश्श्यात शिजवून घालतो तेव्हा खातात. आणि बेदाणा. पंढरपूर, सांगोला, बार्शीकडं बेदाण्याची शेड असतात, हंगाम उन्हाळ्याच्या तोंडावर. खाली सांडलेला बेदाणा गोड म्हणून कुत्री चाटून खातात. द्राक्ष आणि बेदाण्यानं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कुठल्या कुत्र्याला किती बाधेल याचा अंदाज आधी बांधता येत नाही, म्हणून 'थोडा चालतो' असं नाही. शेडची झाडलोट रोज करा, आणि उलट्या सुरू झालेलं कुत्रं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

याच दिवसांत जत्रा आणि कंदुऱ्या. पंढरीच्या जिल्ह्यात राहतो आपण. कुत्र्यानं भाकरी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावले, ही गोष्ट इथल्या पोरालाही पाठ असते. तूप चालेल थोडं. कंदुरीची शिजलेली हाडं नकोत. शिजलेलं हाड चिरफाळतं, टोकं आतड्यात रुततात, आणि पाणी कमी प्यायलेल्या कुत्र्यात हाडांचा चुरा दगडासारखा अडकतो. जत्रेनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुंथणारी कुत्री दिसतात, त्यांचं कारण हेच. हाडं खड्डा करून पुरा, हातभर खोल, वर दगड.

लूत लागलेल्या कुत्र्याला जळकं ऑइल चोपडणं, यावर स्वतंत्र व्याख्यान होईल. ट्रॅक्टरच्या इंजिनातून काढलेलं काळं तेल. केस गेलेले, कातडी उघडी, वर काळा थर, त्यावर वैशाखाचं ऊन. उष्णता बाहेर पडत नाही, आणि कुत्रं ते चाटतं, पोटात जातं. लूत किड्यानं होते, तिला डॉक्टरकडं इंजेक्शन आणि गोळ्या आहेत, स्वस्त आहेत. गोचिडांचंही तसंच. गुरांवर मारायचं औषध त्याच मापानं कुत्र्यावर मारतात, कुत्रं थरथरायला लागतं. माप डॉक्टरला विचारा. आणि कुत्र्यावर जेवढ्या गोचिडी दिसतात त्याहून कितीतरी जास्त भिंतीच्या फटीत, ओट्याच्या सांध्यात असतात. एक मादी हजारांनी अंडी घालते. फटी मातीनं लिंपल्याशिवाय गोचीड हटत नाही, उन्हाळा म्हणजे त्यांची सुगी.

आता चिठ्ठी आली आहे. 'दहा मिनिटे'. अक्षर सुंदर आहे, आशय कठोर आहे. (हशा) म्हणजे उष्माघात आणि नियोजन, दोन्ही दहा मिनिटांत.

उष्माघात. कुत्र्याचं अंग मुळात आपल्यापेक्षा गरम, ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. ४१च्या वर गेलं की धोका. खुणा: धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चाल झोकांड्या खाणारी, हाक मारली तर बघत नाही, कधी उलटी, कधी रक्ताची हगवण. आधी सावली. लगेच पाणी, संपूर्ण अंगावर, मांड्यांच्या आत, काखेत, मानेवर, पोटावर, आणि त्याच वेळी वारा. पंखा, सूप, पुठ्ठा, काहीही. बर्फ शोधायला माणूस पाठवू नका, वेळ जातो. पण गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी उकळलेलं असतं, ते ओतू नका, रांजणाचं किंवा बोअरचं घ्या. ओला टॉवेल अंगावर गुंडाळू नका. सोलापुरी टॉवेल जाडजूड, त्याचा अभिमान आहेच, पण गुंडाळलेला ओला टॉवेल पाच मिनिटांत गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. टॉवेल किंवा पोतं भिजवून अंगाखाली घाला. तोंडात पाणी ओतू नका, शुद्ध नसेल तर फुफ्फुसात जातं. पुढं ठेवा, प्यायलं तर पिऊ दे. माणसाची तापाची गोळी देऊ नका, हा ताप तिनं उतरत नाही आणि वर विष होतं. साधा डिजिटल थर्मामीटर गुदद्वारातून लावता येतो. साडेएकोणचाळीसला आलं की पाणी थांबवा, नाहीतर अंग फार गार पडतं. आणि कुत्रं उठून चालायला लागलं तरी दवाखान्यात न्या, कारण मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याचा बिघाड पुढच्या एक-दोन दिवसांत दिसतो.

आता ज्यासाठी बोलावलं ते. आपल्याकडं म्हणतात, उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात. उन्हानं कुणी पिसाळत नाही. रेबीज हा विषाणू आहे, तो चाव्यातून येतो आणि बाराही महिने येतो. पण धापा टाकणारं, लाळ गाळणारं कुत्रं बघून लोक काठ्या काढतात. उन्हानं त्रासलेलं कुत्रं सावली शोधतं, पाण्याकडं येतं. पिसाळलेलं कुत्रं दिशेवाचून चालत सुटतं, आवाज बदलतो, जबडा लोंबतो, दगड-लाकूड चावतं, गिळता येत नाही. शंका असेल तर जवळ जाऊन खात्री करू नका, पोरांना घरात घ्या आणि पशुवैद्यकाला कळवा.

आणि लसीसाठी उन्हाळाच का, याचं उत्तर आपल्या पंचांगात आहे. भाद्रपदातलं कुत्रं हा शब्दप्रयोग आपण शिवीसारखा वापरतो, त्यात माहिती आहे. गावठी कुत्र्यांचा जुगायचा हंगाम पावसाळ्याच्या शेवटी. त्रेसष्ट दिवसांनी, कार्तिकाच्या पुढंमागं पिल्लं. ती पिल्लं चैत्रात पाच महिन्यांची होतात. तीन महिन्यांच्या पिल्लाला रेबीजची लस देता येते. म्हणजे चैत्र-वैशाखात गावात एक अख्खी नवी पिढी असते, उंडारणारी, एकही सुई न लागलेली. आत्ता टोचली तर तीन-चार आठवड्यांत संरक्षण तयार होतं, आणि भाद्रपदातल्या मारामाऱ्यांच्या आधी ती सुरक्षित असतात. संसर्गाची साखळी तोडायला सत्तर टक्के कुत्री टोचलेली हवीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. साठ कुत्र्यांचं गाव असेल तर बेचाळीस. पण गावात साठ आहेत हे कळणार कसं? सकाळी-संध्याकाळी कुत्री हिंडत असतात, एकच कुत्रं तीनदा मोजलं जातं. दुपारी दीड ते साडेतीन मात्र प्रत्येक कुत्रं आपल्या जागी. दोन माणसं, एक वही, सलग तीन दुपारी, गल्लीवार. जागा, नर की मादी, रंग, कानाला नसबंदीची खाच आहे का, आणि नाव. गावातल्या कुत्र्याला नाव असतंच, कधी गल्लीगणिक वेगळं, म्हणून रंग लिहायचाच. वस्तीवरची कुत्री आणि धनगरांच्या वाड्याबरोबरची कुत्री वेगळ्या पानावर, ती गावात येत नाहीत, तिथं जावं लागतं. नान्नजच्या माळाकडची गावं असतील तर ही पानं सगळ्यांत महत्त्वाची, कारण आपल्या कुत्र्यांचा रेबीज आणि डिस्टेंपर हा दुसरा विषाणूचा आजार लांडग्याला, खोकडाला लागू शकतो, आणि उन्हाळ्यात पाणवठा एकच असतो.

टोचायचं मात्र पहाटे, साडेपाच ते आठ. दुपारी पकडापकडी केली तर धडपडीनंच उष्माघात होतो. तोंड बांधायचं झालं तर सुती नाडीनं, दोन मिनिटांपेक्षा जास्त नाही, तोंड बांधलं की धाप बंद. लस एक मिली, कुत्रं लहान असो की मोठं. कुपी २ ते ८ अंशांत, बर्फाच्या पेटीत, पण बर्फाला थेट चिकटून नको, गोठलेली लसही वाया जाते. दहा डोसांची कुपी उघडली की उरलेली दुसऱ्या पहाटेसाठी ठेवू नका. पुढच्या वर्षी पुन्हा. नसबंदीची जबाबदारी २०२३च्या नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थेवर टाकलेली आहे, ग्रामपंचायतही त्यात आली, तेव्हा वहीची एक प्रत तिथं द्या.

कुणाला चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. चुना, तिखट, तपकीर, हळद काही नाही, पट्टी घट्ट नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना. पोटातली चौदा इंजेक्शनं बंद होऊन वीस वर्षं झाली. आता दंडात, कातडीत देतात ती ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही मागून घ्या. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, पण लस त्यासाठी थांबवू नका.

दुसरी चिठ्ठी आली, यात फक्त उद्गारचिन्ह आहे. एकच राहिलं. टोचलेलं कुत्रं ओळखायचं कसं? गेरू लावू नका, पहिल्याच ओल्या खड्ड्यात पुसतो. पिल्लाला पट्टा नको, दोन महिन्यांत मान वाढते आणि पट्टा मांसात रुततो. मेंढ्यांना खुणेला लावतात तो रंग घ्या आणि दोन खांद्यांच्या मध्ये पाठीवर बोटभर पट्टा ओढा. ती जागा जमिनीला घासत नाही, जिभेला पोचत नाही. आठवडाभर टिकतो, आणि राहिलेली कुत्री हुडकायला आठवडा पुरतो. प्रश्न असतील तर मी बाहेर थांबतो. दारातल्याला मात्र उठवू नका, ओलांडून या.